हुंकाराविना कथन : ध्वनिमुद्रित आवाज आणि न ऐकण्याचे स्वातंत्र्य

१

मौखिक कथनाची परंपरा ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हुंकाराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. गोष्ट सांगणारी आजी वाक्यावाक्यागणिक क्षणभर थांबते आणि ऐकणाऱ्याच्या ‘हूं’ची वाट पाहते. हुंकार आला की गोष्ट पुढे सरकते. आला नाही तर मूल झोपी गेले असे समजून गोष्ट तेथेच मिटवली जाते. पोवाड्यातील झीलकऱ्यांचा ‘जी जी’ हे याच हुंकाराचे संकेतबद्ध रूप आहे. हुंकार म्हणजे कथिताच्या सत्यतेला दिलेली संमती नव्हे, की त्याच्या सौंदर्याला दिलेली दादही नव्हे. ‘मी येथे आहे, मी ऐकतो आहे’ एवढीच ग्वाही त्यात असते. परंतु ही किमान ग्वाही मिळाल्यावाचून कथन ही घटनाच घडत नाही.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या ग्वाहीच्या अभावाचा. संगणकावरील आणि दूरचित्रवाणी-पडद्यावरील खेळांनी, म्हणजे सर्वसाधारणपणे ज्यांना ‘व्हिडिओ गेम’ म्हटले जाते त्यांनी, गेल्या तीन दशकांत कथनाची एक विशिष्ट पद्धती रूढ केली आहे. खेळाच्या अवकाशात ठिकठिकाणी ध्वनिमुद्रित नोंदी विखुरलेल्या असतात, किंवा एखादे पात्र बोलण्यास तयार असते. खेळणाऱ्याने नोंद उचलली, कळ दाबली, पात्राशेजारी थांबून राहिला, तर आवाज ऐकू येतो. तो तसाच पुढे गेला तरी खेळ अडत नाही. म्हणजे कथेचा लक्षणीय भाग ऐच्छिक असतो. या पद्धतीची चर्चा बहुधा तंत्राच्या अंगाने किंवा ‘खेळणाऱ्याचे स्वातंत्र्य’ या अंगाने होते. परंतु ऐकणे ऐच्छिक करण्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ खेळांपुरता मर्यादित नाही.

२

ऐच्छिकता ही काही खेळांनी प्रथमच आणलेली गोष्ट नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. वाचकही पाने गाळतोच. रोलां बार्थने १९७३ मधील ‘ल प्लेझीर द्यु तेक्स्त’ या ग्रंथात या गाळण्याची दखल घेतली आहे. मोठ्या कथात्म संहिता आपण शब्दशः वाचत नाही, वर्णने ओलांडून पुढे जातो, आणि वाचनसुखाची लय या असमान गतीतूनच निर्माण होते, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. मात्र त्याने केलेली एक सूचना आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे : वाचक काय गाळील हे लेखकाला आधी ठरवता येत नाही, कारण जे वाचले जाणार नाही ते लिहिण्याची इच्छा लेखक करू शकत नाही.

खेळातील ऐच्छिक आवाज नेमका येथे वेगळा पडतो. खेळाचा रचनाकार जे ऐकले जाणार नाही असे पुष्कळ काही जाणूनबुजून लिहितो, नटांकडून बोलवून घेतो, ध्वनिमुद्रित करतो आणि कोपऱ्यात ठेवून देतो. गाळणे हा येथे ग्रहणातील अपघात नसून रचनेतील तरतूद आहे. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मधील ‘सायबरटेक्स्ट’ या पुस्तकात अशा संहितांसाठी ‘एर्गोडिक’ ही संज्ञा वापरली. संहितेतून मार्ग काढण्यासाठी ग्राहकाला वाचनापलीकडचे श्रम करावे लागतात, हा तिचा निकष. तो उपयुक्त असला तरी त्याचा रोख केलेल्या श्रमांकडे आहे. न केलेल्या श्रमांचे काय, न ऐकलेल्या आवाजाचे संहितेतील स्थान कोणते, हा प्रश्न त्यातून आपोआप सुटत नाही. वोल्फगांग ईझर यांची ‘रिक्त जागां’ची संकल्पनाही येथे पुरी पडत नाही. ईझर यांच्या रिक्त जागेत संहिता गप्प असते आणि वाचक ती जागा भरतो. येथे संहिता बोलण्यास सिद्ध आहे आणि ग्राहक निघून गेला आहे. या स्थितीला आपण ‘अश्रुत’ म्हणू.

३

या पद्धतीच्या उगमाकडे पाहिले तर एक अर्थपूर्ण गोष्ट आढळते. १९९४ मध्ये आलेल्या ‘सिस्टिम शॉक’ या खेळाच्या कर्त्यांपुढे अडचण होती ती जिवंत पात्रांशी संभाषणाची. त्या काळच्या खेळांत संभाषण म्हणजे पडद्यावर दिलेल्या तीन-चार वाक्यांपैकी एक निवडणे; त्याने खेळातील जगाचा भास तुटतो, असे त्यांना वाटत होते. त्यांनी काढलेला तोडगा मूलगामी होता : सगळी माणसे मेलेली आहेत. खेळणारा एका अवकाशस्थानकात जागा होतो तेव्हा तेथे बोलण्यासारखे माणूस उरलेले नाही. उरल्या आहेत त्यांनी मागे ठेवलेल्या नोंदी. सुरुवातीच्या आवृत्तीत त्या वाचावयाच्या होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या सीडी-आवृत्तीत त्यांना आवाज मिळाला. या कल्पनेमागे एडगर ली मास्टर्सच्या ‘स्पून रिव्हर अँथॉलॉजी’ (१९१५) या काव्यसंग्रहाची प्रेरणा होती, असे खेळाच्या लेखकांपैकी ऑस्टिन ग्रॉसमन यांनी सांगितले आहे. त्या संग्रहात एका गावच्या दफनभूमीतील मृतजन एकेक करून स्वतःविषयी बोलतात आणि त्यांच्या बोलण्यातून गावाचा इतिहास उभा राहतो. साहित्याच्या अभ्यासकाला हा वारसा सुखावणारा वाटेल. परंतु मास्टर्सचे मृत एकमेकांना खोडून काढतात, एकमेकांविरुद्ध साक्ष देतात, आणि वाचकालाही त्या वादात ओढतात. खेळातील मृतांना मात्र प्रथमतः यासाठी निवडले गेले, की ते प्रतिप्रश्न करीत नाहीत. मृताचा आवाज सोयीचा असतो. तो हुंकार मागत नाही.

२००७ मधील ‘बायोशॉक’ या खेळाने ही पद्धती लोकप्रिय केली. समुद्रतळाशी वसवलेले, आणि आता उद्ध्वस्त झालेले एक नगर. त्यात विखुरलेल्या शंभराहून अधिक ध्वनी-दैनंदिन्या. व्यक्तिस्वातंत्र्याच्या टोकाच्या तत्त्वज्ञानावर उभारलेला समाज कसा कोसळला, ते रहिवाशांच्या आवाजांतून तुकड्यातुकड्याने कळते. साहित्यगुणांच्या दृष्टीने यांतील काही नोंदी निश्चितच सरस आहेत. पण त्या ऐकल्या कशा जातात हेही पाहिले पाहिजे. खेळणारा कळ दाबतो आणि आवाज सुरू असतानाच कपाटे धुंडाळतो, गोळ्या झाडतो. एखाद्या स्त्रीचे आपल्या हरवलेल्या मुलीविषयीचे बोलणे बंदुकीच्या आवाजाखाली बुडून जाते आणि त्याने काहीही बिघडत नाही. उलट एखाद्या नोंदीत कुलूपबंद दाराचा संकेतांक दडलेला असेल, तर ती कान देऊन ऐकली जाते. म्हणजे साक्ष ऐकली जाते ती साक्ष म्हणून नव्हे, किल्ली म्हणून. दुसऱ्याचे दुःख माझ्या उपयोगाचे असेल तेवढ्यापुरते ते माझ्या कानी पडते. अन्यथा ते पार्श्वसंगीत होते. खेळाचा विषय आत्मकेंद्री समाजाचा विनाश हा असताना त्याची श्रवणरचना आत्मकेंद्री श्रोता घडविते, ही विसंगती मला तंत्राची वाटत नाही. ती दृष्टीची आहे.

४

याचा अर्थ ऐच्छिक कथन ही पद्धतीच सदोष आहे, असा नाही. न ऐकणे ही घटना रचनेने कशी वागवली यावर सारे अवलंबून असते. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. असुराने पळवून नेलेल्या भावाचा शोध घेणारी राजी ही मुलगी त्याची नायिका; तिचा प्रवास वरून पाहणारे दुर्गा आणि विष्णू हे त्याचे निवेदक. त्यांचे मूळ निवेदन इंग्रजीत होते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज जोडला गेला. निवेदनाचा मुख्य प्रवाह अटळ आहे, तो कानी पडतोच. मात्र वाटेत भित्तिचित्रे लागतात. त्यांच्यापाशी थांबले तर चित्रातील पुराणकथा सांगितली जाते, न थांबता पुढे गेले तरी चालते. ही योजना आपल्याला अपरिचित नाही. पिंगुळीचे चित्रकथी चित्र समोर धरून कथा सांगतात, आणि ती कथा बहुतेक श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. ‘राजी’तील भित्तिचित्र ओलांडून जाणारा भारतीय खेळाडू बहुधा त्या आवाजाला नाकारीत नसतो, ती कथा त्याच्या स्मृतीत पूर्वीपासून असते. परदेशी खेळाडूची गोष्ट वेगळी. म्हणजे अश्रुताचे मूल्य समूहाच्या पूर्वस्मृतीवर ठरते : ज्याची कथा समाजाला पाठ आहे त्याचा आवाज गाळला तरी तो पुसला जात नाही, ज्याची कथा दुसरीकडे कोठेच नोंदलेली नाही, त्याचा आवाज गाळणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मरू देणे.

दुसरे उदाहरण सॅम बार्लो यांच्या ‘हर स्टोरी’ (२०१५) या खेळाचे. पोलिसांनी एका स्त्रीच्या घेतलेल्या सात मुलाखतींच्या चित्रफिती, २७१ तुकड्यांत विभागलेल्या. खेळणाऱ्याने एखादा शब्द टंकलिखित करावयाचा. तो शब्द जेथे उच्चारला गेला त्यांपैकी पहिले पाच तुकडे तेवढे पाहावयास मिळतात. येथे महत्त्वाचे हे, की विचारणाऱ्या पोलिसांचे प्रश्न संग्रहात नाहीत. केवळ उत्तरे आहेत. प्रश्नकर्त्याची रिकामी जागा खेळणाऱ्याच्या शोधशब्दाने भरली जाते. आपण काय ऐकू शकतो हे आपण कोणता शब्द विचारला यावर ठरते, आणि जे ऐकले नाही त्याला आपल्या शब्दांची दरिद्रताही कारण असते, हे हळूहळू जाणवू लागते. संशोधकाने पुराभिलेखात, किंवा समाजशास्त्रज्ञाने मुलाखतीत, जो अनुभव घेतलेला असतो तोच हा. अश्रुत येथे श्रोत्याकडे बोट दाखविते.

तिसरे ‘फायरवॉच’ (२०१६). वणव्यावर नजर ठेवण्यासाठी रानातल्या मनोऱ्यात एकटा राहणारा एक पुरुष आणि दुसऱ्या मनोऱ्यातून बिनतारी यंत्रावर त्याच्याशी बोलणारी एक स्त्री. ती बोलते, पर्याय पडद्यावर येतात, आणि ते निवडण्यास थोडाच वेळ असतो. उत्तर दिले नाही तर मौन हेच उत्तर धरले जाते, आणि ती त्या मौनाला उद्देशून काहीतरी म्हणते. खेळाच्या शेवटावर या मौनाचा फारसा परिणाम होत नाही, परंतु आपण गप्प होतो याची कोणीतरी दखल घेतली, हे भान राहते. हुंकार देण्याचे स्वातंत्र्य तसेच ठेवून हुंकाराच्या अभावाला अर्थ देण्याची ही युक्ती साधी आहे. पण कथनव्यवहार त्यामुळे पुन्हा दोन माणसांमधला होतो.

५

आपल्या भाषेच्या आरंभीच्या गद्याकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते विखुरलेल्या आठवणींतून. रिद्धपूरला नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि ज्यांच्याशी वा ज्यांच्यासमोर प्रसंग घडले त्यांच्याकडे जाऊन, लीळा गोळा केल्या गेल्या. पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यावर ती स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली; तेव्हा वेगवेगळ्यांच्या स्मरणांतील पाठ ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवले गेले. रूपाने पाहता ‘लीळाचरित्र’ ही देखील तुकड्यांची, स्थळास्थळाशी जोडलेल्या लहान लहान साक्षींची संहिता आहे. कोणतीही लीळा स्वतंत्रपणे ऐकता येते. पण साम्य येथे संपते. खेळातील नोंद कोणीतरी येऊन सापडण्याची वाट पाहत पडलेली असते. येथे संकलक स्वतः चालत साक्षीदारापर्यंत गेला आहे. खेळातील नोंदींच्या तुकड्यांतून एकच ‘खरा’ वृत्तान्त जुळवणे ही खेळणाऱ्याची हौस असते. येथे दुसऱ्याला वेगळे आठवले तर ते वेगळेपणच जपून ठेवण्याची निष्ठा आहे. ऐकणे ही मिळवण्याची क्रिया नसून जबाबदारी आहे, असे मानणारी ही श्रवणनीती आहे, आणि मराठी गद्याची पहिली मोठी इमारत तिच्यावर उभी आहे.

हा प्रश्न ग्रंथांच्या आणि खेळांच्या बाहेर, आपल्या वाङ्मयीन व्यवहारात कसा उभा राहतो, याचे उदाहरण यवतमाळने जानेवारी २०१९ मध्ये पाहिले. ब्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना निमंत्रण होते. विरोधाच्या पार्श्वभूमीवर संयोजकांनी ते मागे घेतले. त्यांचे लिहून तयार असलेले भाषण मग वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. उद्घाटन केले ते यवतमाळ जिल्ह्यातीलच वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी. श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केले होते. शेतकऱ्यांच्या विधवांनी स्वतः रंगमंचावर उभे राहावे, ही त्या नाटकाची योजना.

या प्रसंगाच्या राजकीय बाजूची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे केवळ श्रवणाच्या अंगाने पाहावयाचे आहे. एक भाषण मंडपात झालेच नाही; ते छापील रूपात उपलब्ध झाले, म्हणजे ऐच्छिक झाले. ज्याला वाचायचे तो वाचील, नको असेल तो पान उलटील. परंतु व्यासपीठावरची त्याची रिकामी जागा सर्वांना दिसत होती. अश्रुताला तेथे आकार होता. दुसरे भाषण मंडपात झाले, आणि समोर बसलेल्यांपैकी कोणी ते निवडलेले नव्हते. ते ऐकण्यास आले होते वेगळेच काही. साहित्यप्रेमी श्रोत्यापुढे अनपेक्षितपणे एक जिवंत व्यक्ती उभी राहिली, आणि तिच्या बोलण्यात प्रश्न होते.

‘तेरवं’ या नाटकाची योजना आणि ‘सिस्टिम शॉक’ची योजना शेजारी ठेवल्या तर लेखाचा मुद्दा स्पष्ट होतो. एकात मृतांचे आवाज ठेवले आणि जिवंतांना काढून टाकले, कारण जिवंतांशी बोलणे अवघड होते. दुसऱ्यात जे मेले त्यांचे आवाज ऐकवण्याचा मोह टाळून जे मागे उरले त्यांना उभे केले, कारण अवघड असले तरी त्यांच्याशीच बोलणे शक्य होते. शेतकरी-आत्महत्यांविषयीच्या आपल्या बऱ्याचशा कथा-कवितांचा दोषही मला याच ठिकाणी दिसतो. त्यांत मेलेल्या शेतकऱ्याचा आवाज वारंवार येतो, आर्त असतो, क्वचित सुंदरही असतो. पण तो वाचकाला काही विचारीत नाही. त्याच गावातल्या, सातबारावर नाव चढवण्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालणाऱ्या बाईचा आवाज तुलनेने क्वचित येतो. पहिला आवाज आपण कळ दाबून ऐकू शकतो. दुसऱ्याला हुंकार द्यावा लागतो.

६

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. ऐकण्याची सक्ती करावी काय? ज्या समाजात ध्वनिक्षेपकांचा मारा रात्रंदिवस सुरू असतो, तेथे न ऐकण्याचे स्वातंत्र्य हे मोठेच मूल्य आहे. खेळातही जेथे दृश्य थांबवून, खेळणाऱ्याचे हात बांधून कथा ऐकवली जाते, तेथे कंटाळा आणि चीड याखेरीज काही पदरी पडत नाही. प्रचारवाङ्मयाचा अनुभवही हेच सांगतो. सक्तीने कानावर पडलेला आवाज म्हणजे श्रवण नव्हे.

आक्षेप मान्य करूनही मूळ प्रश्न शिल्लक राहतो, कारण पर्याय सक्ती आणि निष्पर्यवसायी स्वातंत्र्य असे दोनच नाहीत. ज्या स्वातंत्र्याच्या वापराने कोठेच काही उमटत नाही, ते निवडीचे स्वातंत्र्य नव्हे. ती केवळ बेफिकिरीला दिलेली सवलत आहे. नैतिक निवडीला किमान एवढे तरी हवे, की तिची नोंद कोठेतरी राहावी : दुसऱ्याच्या स्मृतीत, रचनेच्या स्मृतीत, किंवा निवडणाऱ्याच्या स्वतःच्या अस्वस्थतेत. तेव्हा ऐच्छिक कथनाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी तपासाव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, आवाज ऐकला गेला नाही हे कलाकृतीला कळते काय? दुसरी, तो ऐकला गेला तर तो आवाज म्हणून ऐकला जातो, की दार उघडण्याची किल्ली म्हणून? पहिल्या कसोटीवर ‘फायरवॉच’ आणि वेगळ्या रीतीने ‘हर स्टोरी’ उतरतात. दुसरीवर ‘बायोशॉक’सारखी गाजलेली कृतीही अडखळते.

मराठी समीक्षेने या नव्या माध्यमाकडे अद्याप फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. ते आपले नव्हे, ते पोरांचे आहे, असा त्यामागे समज असावा. परंतु आपल्या जिल्ह्यांच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत आज बसणारा विद्यार्थी कथा पहिल्यांदा भेटतो ती बहुधा हातातल्या दूरध्वनीच्या पडद्यावर, आणि तेथे तो श्रोता म्हणून घडत असतो. पुढे ‘लीळाचरित्र’ वाचताना किंवा एखाद्या वस्तीवर मौखिक वाङ्मय गोळा करताना तो तेच कान घेऊन येतो. ध्वनिमुद्रक सुरू करून शेजारी ठेवला की ऐकण्याचे काम झाले, पुढे केव्हातरी निवांत लावून बघू, ही क्षेत्रीय अभ्यासातली सवय त्याच कानांची आहे. आवाज जपला गेला म्हणजे तो ऐकला गेला असे होत नाही. जपलेला आवाज वाट पाहत असतो. आणि सांगणाऱ्याला मात्र ध्वनिमुद्रकाकडून ‘हूं’ मिळत नाही. तो द्यायला समोर माणूसच बसलेला असावा लागतो.